भाईचा तुळाभार

मिठबावची मते हवी असतील तर आधी मथुराअक्कांच्या ओटीवर येऊन बसावे लागते, हे पक्ष कोणताही असो, उमेदवार कोणीही असो, सर्वांना ठाऊक होते. अक्का कोणत्या समितीवर नव्हत्या की कोणत्या पदावर. ग्रामदेवतेच्या देवळात कोणत्याही कार्याचा पहिला शब्द त्यांच्या घराने उच्चारायचा, एवढाच काय तो मान होता. घरातले पुरुष एकामागून एक गेल्यावर तो मान अक्कांनी कोणालाही न विचारता स्वतःकडे घेतला. पहिल्या वर्षी देवळाच्या मानकरी गावकरांनी कुरकुर केली. दुसऱ्या वर्षी त्यांनीच अक्कांसाठी पाट मांडला.

पंच्याऐंशीच्या विधानसभेला अक्कांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा श्रीपाद उभा राहिला. बहीण लवकर गेली. श्रीपादला अक्कांनी आपल्या मुलांच्या पंक्तीत वाढवले, शिकवले आणि जामसंड्याला दुकान घालून दिले. सगळा तालुका त्याला भाई म्हणे. भाई म्हणजे अवाढव्य देह, खणखणीत आवाज आणि माणसांचा लोभ. त्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर दुसरे कोणी बसू शकत नसे, आणि मागे बसलेल्यांना रस्ता दिसत नसे.

विरुद्ध बाजूला एक काटकुळे, निवृत्त मास्तर होते. मास्तर स्वतः कधी वावगे बोलले नाहीत. पण त्यांच्या मागे फिरणाऱ्या पोरांची तोंडे कोण धरणार? भाईला मुंबईला न्यायला यष्टी पुरायची नाही, गलबत लागेल, असे ती म्हणत. भाई डोंगरावरच्या वाड्यांत कसा चढणार, त्याला वर न्यायला पालखी आणि खाली आणायला घसरगुंडी करावी लागेल, असेही. लोक हसत. हसता हसता विचारही करू लागत.

म्हणून एके संध्याकाळी दाजी गावकर अक्कांच्या ओटीवर आले. दाजी म्हणजे गावातला वजनदार शब्द, पण अक्कांच्या खालचा. त्यांनी सुपारी कातरली, आंब्याच्या मोहराची चौकशी केली, आणि मग डोळे वर न करता म्हणाले,

"अक्कानू, पोरांची थट्टा सोडा. पण इचारूचा तां इचारतंय. भाई माणूस बरो. पण जिवान धड आसा काय? पाच वर्सां धावाचा लागतला."

अक्कांना राग आला. आपल्या घरातल्या माणसाची अशी चौकशी त्यांच्याच ओटीवर व्हावी, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते.

"आमदार निवडतास काय बैल, दाजी? दात मोजूचे, वशिंड चाचपूचा, मगे दावा सोडूचा? भाई खाता तां तेच्या पोटात जाता. बोलता तां तुमच्या कामाक येता. लोकांनी तेचा वजन कित्याक करूचा?"

"वजन नाय ओ," दाजी हळूच म्हणाले. "जीव."

अक्कांनी ते ऐकले; पण ऐकल्याचे दाखवले नाही. माणसाचे शरीर ही त्याच्या घरची गोष्ट, गावाने तिच्यात डोकावू नये, असे त्या मनापासून मानत होत्या. आणि वजनच करायचे असेल तर ते चोरून, हसून का? देवासमोर करू, असे त्यांनी ठरवून टाकले. भाईचा गुळाने तुळाभार होईल, साऱ्या गावादेखत, आणि तो गूळ घरोघर वाटला जाईल. मग हसणाऱ्यांनी त्याच्या वजनाचा प्रसाद खावा.

हे भाईला कळवले तेव्हा त्याने आधी नाही म्हटले. वेळ नाही, सभा आहेत, घसा बसला आहे. अक्कांनी दुसरा निरोप पाठवला. मावशीच्या दुसऱ्या निरोपाला नाही म्हणण्याची त्या घरात रीत नव्हती.

भाईचा तुळाभार गावाने पूर्वीही पाहिला होता. गावात दवाखाना आला त्या वर्षी तो तराजूत बसला होता, आणि समोरच्या पारड्यात गुळाच्या चौदा ढेपा चढल्या होत्या. मुले मोठी झाली तरी तो आकडा कोणी विसरले नव्हते. म्हणून या वेळीही चौदा ढेपा आणल्या, वर एक जास्तीची.

देवळाच्या मंडपात माणसे मावत नव्हती. भाई खादीच्या जाकिटात घामेघूम होत पारड्यात बसला. चेहरा गोल, हसरा. ढोल सुरू झाला. एकेक ढेप चढू लागली, आणि पोरे मोठ्याने मोजू लागली. दहावी ढेप ठेवली तेव्हा भाईचे पारडे जमिनीवरून सुटले. अकरावी ठेवली, आणि काटा सरळ झाला.

मोजणाऱ्या पोरांचा आवाज बंद पडला. ढोलवाल्याने हात रोखला. चार ढेपा तशाच बाजूला उरल्या होत्या. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणाला हे अशुभ वाटले, कोणाला तराजू बिघडला असे वाटले. आणि मग, अशा वेळी नेहमी होत असे त्याप्रमाणे, सगळ्यांनी अक्कांकडे पाहिले. भाईनेही पाहिले. पारड्याच्या साखळ्या त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या.

अक्का क्षणभरही थांबल्या नाहीत.

"देवान भार हलको केलो," त्या म्हणाल्या.

मंडपातून "व्हय म्हाराजा" असा गजर उठला आणि ढोल पुन्हा वाजू लागला. भाईची बायको कावेरी खांबाला टेकून रडत होती. आनंदाने रडते आहे, असे अक्कांना वाटले.

गूळ त्याच दिवशी घराघरात गेला. त्याच्याबरोबर अक्कांचे वाक्यही गेले, आणि ते मिठबावात थांबले नाही. देवाने भाईचा भार हलका केला, हे वाडीवाडीवर, बाजारात, किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढताना बोलले जाऊ लागले. ज्याचा भार देवाने उतरवला त्याच्या देहाला हसायची मास्तरांच्या पोरांची छाती होईना. भाईच्या माणसांनी ते वाक्य भिंतींवर रंगवले. अक्कांना स्वतःचा शब्द जामसंड्याच्या भिंतीवर वाचायला मिळाला, आणि खोटे कशाला सांगावे, त्यांना तो आवडला.

प्रचार संपत आला असताना मिठबावची सभा रद्द झाली. घसा फारच बसला आहे, असा निरोप आला. अक्कांनी ओल्या हळदीचा काढा करून तांब्यात भरला, आणि कोणाला न कळवता दुपारच्या गाडीने जामसंड्याला गेल्या. मावशीने पुढच्या दाराने यावे, असे काही कारण नव्हते. त्या मागच्या पडवीतून आत शिरल्या.

भाई बाजेवर उघडा बसला होता. अक्कांनी ते शरीर लहानपणापासून पाहिले होते, आणि त्यांना ते ओळखता आले नाही. बरगड्या वर आल्या होत्या, पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. चेहरा तेवढा गोल होता, तोही औषधांनी सुजलेला. पायाशी कावेरी बसली होती. तिच्या मांडीवर भाईचे खादीचे जाकीट होते, आणि ती त्याच्या आतल्या बाजूने कापसाचा थर शिवत होती.

कावेरी उठून उभी राहिली. भाई मात्र उठला नाही.

"बस, मावशी," तो म्हणाला. "आता बगलंसच."

मग त्याने सांगितले. पोटात गाठ होती. दिवाळीत मुंबईच्या डॉक्टरांनी ती दाखवली होती, आणि दुसरी दिवाळी दिसेल याची खात्री देता येत नाही, असे स्पष्ट सांगितले होते. त्यानंतर उमेदवारी मिळाली होती. आवाज शांत होता त्याचा, जणू तो दुसऱ्याच कोणाबद्दल सांगत होता.

अक्कांना प्रथम फक्त दया आली. त्या बाजेच्या कडेवर बसल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाल्या की, मग हा खटाटोप कशासाठी, अर्ज केलास तो केलास, आता घरी राहा, मी आहे.

"निवडून येवक व्हया," भाई म्हणाला. "मगे माजा कायव होवंदे. पुना निवडणूक लागतली. बापाशीच्या मागे लोक झिलाक पडूक देवचे नाय. सत्यवानाचा बस्तान बसतला."

अक्कांनी हात मागे घेतला.

सत्यवान हा भाईचा थोरला मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याने समुद्रकाठी सुरूची लागवड केली आणि रापणकरांच्या पायवाटेवर कुंपण घातले. जाळी खांद्यावर घेऊन माणसे पार खाडीकडून वळसा घालून किनाऱ्यावर जाऊ लागली. एक म्हातारा त्या फेऱ्यात पडून लंगडा झाला. अक्कांनी स्वतः उभे राहून ते कुंपण उपटवले होते, आणि आपण जिवंत असेपर्यंत या मुलाला गावाच्या कोणत्याही कामावर बसू देणार नाही, असे देवळात सांगितले होते. भाई तेव्हा शेजारीच उभा होता.

"सत्यवानाबद्दल मी काय सांगलेला, तां तुका म्हायत आसा."

"आसा," भाई म्हणाला. "म्हणानच तुका सांगलंय नाय."

बाहेर जीपवरचा कर्णा ओरडत गेला. त्यात अक्कांचेच वाक्य होते.

"तूच दाजीक सांगलंस मगे," भाई खाली पाहत पुढे बोलला, "माणसाच्या वजनाची पंचाईत लोकांनी करू नये म्हणान. आता आजाराची कित्याक करतंस?"

ओटीवरचे ते बोल अक्कांचेच होते, आणि ते त्यांनी मनापासून उच्चारले होते. लठ्ठ असो, लंगडा असो, आजारी असो, माणसाला मत मागायचा हक्क आहे, असे त्यांना अजूनही वाटत होते.

"आजारी माणसान मत मागूक माजी ना नाय," त्या म्हणाल्या. "उगडो बसान मागतंस तर लोकांनी दिलाय असता. आपलो माणूस म्हणान रडान दिलाय असता. पण तू पाच वर्सां मागतंस, आणि तुज्या खिशात येक नाय. तां तेंका कळाक व्हया होता. आणि माका तर तू देवासमोर उबी केलंस, श्रीपाद."

भाई न म्हणता श्रीपाद अशी हाक त्यांनी त्याला कित्येक वर्षांनी मारली होती. कावेरीने तेवढे म्हटले, की मी यांना सांगत होते, मावशींपासून लपवू नका. पण तिच्या हातातली सुई अजून जाकिटातच होती.

अक्का यष्टीने परत निघाल्या. वाटेत गाडी चाक बदलायला थांबली. सत्यवानाची मोटारसायकल धूळ उडवत पुढे गेली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

उतरल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत. सरळ देवळात गेल्या आणि गावकरांना बोलावणे धाडले. दाजी आले, आणखी चार-पाच जण आले. सगळे फार लवकर आले, जणू बोलावण्याची वाटच पाहत होते. अक्कांनी उभ्या राहूनच सांगितले. भाईच्या पोटात गाठ आहे. देवाने त्याचा भार हलका केलेला नाही. मी बोलले ते चूक होते. त्याच्या मागून सत्यवान येणार आहे. हे जाणून ज्याला जे करायचे ते त्याने करावे. माझा शब्द मी परत घेते.

मग दाजींनी घसा खाकरला.

"अक्कानू," त्यांनी अगदी मायेने विचारले, "रातीची झोप लागता मा बरी?"

अक्कांना प्रश्न समजला नाही.

"सत्यवान इलो होतो आताच. सांगी होतो, आजी घराकडे येवन कायबाय बोलली, माणसां वळकली नाय. वय झाला म्हणता. डोक्यार परिणाम होता कदी कदी. भाई रडी होतो म्हणे." दाजी थांबले. "तुमी उन्हातान्हाचा येकट्यान यष्टीन फिरा नको आता."

या मंडपात आजवर अक्कांच्या देहाबद्दल, झोपेबद्दल, डोक्याबद्दल कोणी शब्द काढला नव्हता. आता सगळी माणसे त्यांच्या चेहऱ्याकडे, हातांकडे, ते थरथरतात का याकडे पाहत होती. हात थरथरत होते, रागाने. पण ते राग म्हणून कोण वाचणार?

"दाजी, तूच इचारलेलंस. जिवान धड आसा काय म्हणान."

"इचारलंय. तेव्हा तुमी माका गप केलंत." दाजींच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच अक्कांना जास्त लागले. "आता देवाचो गूळ सगळ्यांच्या पोटात गेलो. तुमी त्या दिवशी चांगल्या जिवान, चार माणसांत शबूद दिलंत. तो शबूद आमी मोडूचंव नाय, अक्कानू. तुमी काळजी करा नको."

आणि त्यांनी खरोखरच वाकून नमस्कार केला. एकाने अक्कांना घरापर्यंत पोचवायला पुढे होऊन हात धरला. त्यांनी तो झिडकारला, तेव्हा त्या माणसाने दाजींकडे अर्थपूर्ण पाहिले.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे रांग लागली होती. भाई कापसाच्या जाकिटात गाडीत बसून दुरून हात जोडत होता. सत्यवान फाटकापाशी उभा होता. अक्का दिसताच तो सर्वांदेखत पाया पडायला वाकला. त्या एक पाऊल मागे सरकल्या. त्याचे हात मातीला लागले, आणि तो हसून उठला. आजारी आजीवर रागावू नये, असे ते हसणे होते.

रांगेतल्या माणसांनी नेहमीप्रमाणे बाजूला होऊन अक्कांना दारापर्यंत वाट करून दिली. कोणीतरी खुर्चीही आणली. अक्का त्या वाटेने गेल्या नाहीत. काठी टेकत त्या रांगेच्या शेवटी, उन्हात, एका कोळणीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

कोळीण संकोचली. "अक्कानू, तुमी फुडे व्हा," म्हणाली. "तुमचा मत म्हणजे आमच्या गावाचा."

"नाय गो," अक्का म्हणाल्या. "आज माजा येकच आसा. तां रांगेन जांवदे."