दुपारी काढतो

मित्रांनो, मी एक जुना लाल खटका आहे. कागदावर माझं नाव इमर्जन्सी स्टॉप, पण कारखान्यात सगळे मला लाल बटण म्हणतात. संगणकावर चालणाऱ्या एका लेथ मशीनवर मी बसलो आहे. मला दाबलं की मशीन थांबलं पाहिजे, एवढंच माझं काम. माझ्या तारा संगणकाची परवानगी मागत बसत नाहीत. त्या सरळ मोटरची वीज तोडायला लावतात. माझी तार तुटली तरी मशीन उभं राहतं. वायरमननं मला असं जोडलं, याचा मला अभिमान आहे.

मशीन चालवणारी बाई त्या वायरमनची वहिनी. तो वहिनी म्हणायचा, म्हणून मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी झाली. रोज सकाळी ती मशीन रिकामं फिरवायची आणि मला दाबायची. मशीन थांबलं की मला पिळून पुन्हा वर काढायची आणि मगच कामाला लागायची. मशीनची हजेरी घेते, म्हणून लोक हसायचे. मला मात्र तिचा तळवा शाबासकीसारखा वाटायचा.

पुढे पत्र्याच्या कडेला घासून माझी एक तार तुटायला आली. मशीन मधेच बंद पडू लागलं. वहिनी त्या दिवशी रजेवर होती, माल त्याच दिवशी जायचा होता आणि सुपरवायझर डोक्यावर बसला होता. वायरमननं मला वगळून एक तारेचा तुकडा परस्पर जोडला आणि म्हणाला, दुपारी काढतो. दुपार आली नि गेली. मशीन पळत होतं, आणि मी नुसता शोभेला उरलो होतो. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला दाबलं. मशीन फिरतच राहिलं. तिनं मुख्य स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

सुपरवायझर आला, चिडला, मग गयावया करू लागला. वायरमन म्हणाला, आजचा दिवस निभावून न्या, दुपारी नक्की काढतो.

वहिनीचा आवाज चढला नाही. "भावोजी, तुमच्या दादांच्या मशीनवरही अशीच तार होती. तीही दुपारीच निघणार होती. आता त्यांच्या बुटांची लेस रोज मी बांधते."

वायरमननं मशीनची विजेची पेटी उघडली, तो तुकडा उपटला, नवी तार ओढली आणि पत्र्याच्या कडेला रबराची कडी बसवली. माल उशिरा गेला, सुपरवायझरला बोलणी बसली.

वहिनीनं किल्ली दिली. मशीन फिरू लागलं, आणि मला पहिल्यांदा दाबलं ते वायरमननंच. मशीन थांबलं. तरी कितीतरी वेळ तो माझ्यावरचा हात काढीना. पाचही बोटं माझ्यावर होती.

मित्रांनो, मला नुसतं पुसून चकचकीत ठेवू नका. रोज एकदा दाबून बघा. आणि दाबूनही मशीन थांबलं नाही, तर तुम्ही थांबा. दुपारची वाट बघू नका.