बेबीचा डबा

आमच्या गिरगावातल्या वाडीत कोणाचं भांडं कोणाच्या घरी आहे, हे कधी कोणी विचारलं नाही. शेजारी वाटीभर बिरडं गेलं, की वाटी रिकामी परत येत नसे. काही नाही तर चिमूटभर साखर तरी तिच्यात असायचीच. मग आपणही पुन्हा काही पाठवायचं. अशी भांडी घरोघर फिरत राहायची. सगळ्यांवर नावं कोरलेली होती, पण ती वाचायला वेळ कोणाला होता! कोणाला ताप आलाय, कोणाकडे पाहुणे आलेत, हे भांड्यांबरोबरच कळायचं आणि न सांगता मऊ भात पोचायचा. ना अध्यक्ष, ना सेक्रेटरी, तरी कोणाचं काही अडलं नाही.

आता वाडीच्या जागी टॉवर आहे. अध्यक्ष आहे, सेक्रेटरी आहे, मोबाइलवर ग्रुप आहे. मागे आमच्या ह्यांना ताप आला, तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. भात मीच केला.

समोरच्या खोलीतली बेबी धैर्यवान टॉवरमध्ये आलीच नाही. जागा विकून मुलाकडे बदलापूरला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने कडीच्या डब्यातून नारळाच्या वड्या पाठवल्या. डब्यावर तिचं पूर्ण नाव, ‘सौ. बेबी वीरेंद्र धैर्यवान’. तो डबा मी मुद्दाम परत केला नाही. तो माझ्याकडे आहे तोवर आमचं देणंघेणं चालू आहे, असं मी मनाशी धरून बसले होते. फोनवर आम्हा दोघींना धड बोलता येत नाही. आम्ही बोलायचो ते गॅलरीत, तांदूळ निवडता निवडता. दुपार झाली की मला तिची फार आठवण यायची, आणि मी उगाचच तो डबा पुसून ठेवायचे.

मग शेजारच्या फ्लॅटमध्ये नूपुर राहायला आली. एकटीच, चांगल्या नोकरीतली, हसरी मुलगी. मी वालाचं बिरडं केलं होतं. ह्यांना म्हटलं, तिला जरा देऊन या. ह्यांची वाडीची सवय, हाताला लागेल त्या डब्यात भरून मोकळे झाले. लागला नेमका बेबीचा.

हे मला कळलं ते नूपुर दारात आली तेव्हा.

“काकू, बिरडं एकदम भारी! आणि तुमचं एक काम पण करून टाकलं. डब्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं ना? मी फोटो ग्रुपवर टाकला. तुमच्या जुन्या वाडीतल्या कोणीतरी पुढे पाठवला आणि तासाभरात बदलापूरचा पत्ता मिळाला. कुरिअर पण केला!”

“काय घालून?”

“घालून म्हणजे? स्वच्छ धुऊन, नीट पॅक करून.”

तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण पोरीचं काय चुकलं? तिने हरवलेली वस्तू मालकिणीला पोचती केली होती. मी दार लावलं आणि रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरून बेबीकडे रिकामा डबा गेला होता. आता संपलं म्हणून सांगायची याहून सरळ रीत आमच्या वाडीत नव्हती.

फोन करायचा धीर होईना. तेवढ्यात बदलापूरहून पार्सल आलं. आत डबा होता, नारळाच्या वड्यांनी भरलेला. वर नाव होतं, ‘सौ. कालिंदी गंगाधर विजयकर’. माझा हा डबा तिच्याकडे आहे हे मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती, तिनेही तो ठेवूनच घेतला होता. आता तिचा तिच्याकडे, माझा माझ्याकडे. परत करायला काही उरलं नाही.

मी पुन्हा बिरडं केलं, माझ्या डब्यात भरलं आणि बदलापूर गाठलं.

बेबी वाळली होती. तिने बसवलं, चहा दिला, मी सुनेची चौकशी केली तर “बरी आहे” म्हणाली. मग बिरड्याचा डबा घेऊन आत गेली. नळाचा आवाज आला. माझा डबा धुऊन, पुसून, आत चमचाभर साखर घालून ती बाहेर आली आणि तिने तो माझ्या पिशवीशी ठेवला.

माझं डोकंच फिरलं. “मी काय पाहुणी आहे? लगेच कसला परत करतेस?”

“तू नाही का केलास? तोही रिकामा.”

मग मी तिला नूपुरचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. मी पिशवीजवळचा डबा उचलून तिच्या हातात दिला.

“राहू दे तुझ्याकडे. नंतर दे.”

बेबीने डबा दोन्ही हातांनी धरला.

“नंतर म्हणजे कधी गं, कालिंदी?”

मी रिकामी पिशवी उचलली. डबा मात्र मी तिच्याकडेच ठेवून आले.