नेलपॉलिशने बंद केलेला स्क्रू

मी एक जुना बॅरोमीटर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला बंद पडलेलं घड्याळ समजून माझ्याकडे पाठ फिरवली असेल. पण मी वेळ दाखवत नाही. मी हवेचा दाब मोजतो. दाब उतरला की वारा-पाऊस येतो आणि चढला की हवा कोरडी होते. माझ्या तबकडीवर डावीकडून उजवीकडे स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय असं लिहिलेलं आहे आणि त्यावरून माझी काळी सुई फिरते. मी स्वभावाने संशयी आहे, हेही आताच सांगून टाकतो. जन्मभर हवेशी व्यवहार केल्यावर दुसरं काय होणार?

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. तिथल्या एका कारखान्यात मला पितळेची चौकट मिळाली आणि लगेच कुणा साहेबाबरोबर माझी हिंदुस्थानात रवानगी झाली. साहेब जाताना मला विसरला की त्याने मला मुद्दाम टाकलं, याचा संशय मला अजून आहे. पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात मी धूळ खात पडलो होतो. तिथून पुरुषोत्तमरावांनी मला उचललं. ते पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर होते. त्यांनी मला पुसलं, पॉलिश केलं आणि माझ्या पाठीतला छोटा स्क्रू हळूहळू फिरवून सुई जागेवर आणली. स्क्रू आता कुणी हलवू नये म्हणून त्यावर बायकोच्या, म्हणजे मधुमतीबाईंच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब टाकला. बाई रागावल्या आणि मग हसल्या.

ते माझे सुखाचे दिवस होते. रोज सकाळी चहाच्या आधी पुरुषोत्तमराव माझ्या काचेवर बोटाने हलकेच टकटक करत आणि आत हाक देऊन सांगत, आज छत्री घे, किंवा आज गाद्या उन्हात टाक. मधुमतीबाई डोळे मिटून ऐकत. शेजारी माझं कौतुक करायचे. मला वाटायचं, या घरात माझ्या शब्दाला किंमत आहे.

मग एका जानेवारीत पुरुषोत्तमराव अचानक गेले. त्यांची एकुलती एक मुलगी शिल्पा इंग्लंडला, लिव्हरपूलजवळ समुद्रकाठच्या गावात राहत होती. हॉस्पिटलात नर्स होती ती. तिने आईला तिकडे नेलं आणि आईने मला. मला स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांनी हँडबॅगेत घातलं. विमानतळावर माझ्यावरच संशय घेतला गेला. दोन पोलीस मला उलटसुलट करून बघत होते. तो काळच तसा होता, गोल पितळी वस्तूत सुई दिसली की सगळ्यांच्या भुवया चढायच्या. संशय घेणं मला माहीत होतं, पण झेलणं नवीन होतं.

नव्या घरात मला जिन्याखालच्या भिंतीवर टांगलं आणि तिथे एक भलतंच घडलं. माझी सुई सरसर उजवीकडे गेली ती व्हेरी ड्रायच्याही पलीकडे, जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे जाऊन अडली. बाहेर मात्र मुसळधार पाऊस. मला दाब जाणवत होता तसाच मी सांगत होतो. मग खोटं कोण बोलत होतं? मी तिथल्या हवेवरच संशय घेतला.

मधुमतीबाईंनी घेतला नाही. त्यांनी माझं ऐकून पहिल्याच आठवड्यात मागच्या अंगणात पोह्याचे पापड वाळत घातले. दुपारपर्यंत त्यांची खळ झाली. जावई शशिकांत आयटीत होते. त्यांनी खिडकीत एक डिजिटल वेदर स्टेशन आणून ठेवलं. ढगांची चित्रं दाखवायचं ते. मला ते पहिल्यापासून आवडलं नाही. त्याहून वाईट म्हणजे शशिकांत अधूनमधून मला भिंतीवरून उतरवत, माझी पाठ न्याहाळत आणि एकदा तर हातात बारीक स्क्रूड्रायव्हर होता. बाईंनी जिन्यावरून पाहिलं.

"त्याला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तो यांनी लावलाय."

शशिकांतनी मुकाट्याने मला परत टांगलं. सासूबाईंचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. मी मात्र खूणगाठ बांधली, हा माणूस माझा जीव घेणार.

पुढच्या जानेवारीत पुरुषोत्तमरावांचं वर्षश्राद्ध आलं. तिथी शनिवारची होती. बाईंना त्या दिवशी भाताचा पिंड समुद्रात सोडायचा होता. दर रविवारी संध्याकाळी घरचे सगळे टीव्हीवर येत्या आठवड्याच्या हवामानाचा अंदाज बघत, तसा त्या आठवड्याचाही बघितला. मंगळवारपर्यंत स्वच्छ, बुधवारी पाऊस, शुक्रवारपासून वारा आणि शनिवारी किनाऱ्यावर मोठं वादळ. गरज नसेल तर समुद्राकडे जाऊ नका, असं तो सुटाबुटातला माणूस सांगत होता. बाई उठल्या, माझ्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाल्या, हे म्हणतायत कोरडं आहे. टीव्हीवरच्या माणसाचं त्यांना काही पटलं नाही. खरं सांगतो, मलाही नाही.

शनिवारी पहाटेपासून माझ्या पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. वर्षभर अडलेली सुई मागे सरकू लागली. शाळेला सुट्टी असलेली नात दिया जिना उतरताना थांबली.

"आजी, बघ, सुई हलला," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "तो खाली येतोय."

बाईंनी येऊन बघितलं. सुई फेअरवर होती. फेअर म्हणजे चांगलंच की, असं म्हणून त्या डबा भरायला गेल्या. वादळामुळे ट्रेन बंद म्हणून शशिकांत शिल्पाला गाडीने हॉस्पिटलला सोडायला निघाले होते. मी येईपर्यंत थांबा, असं त्यांनी दोनदा विनवलं. पण पिंडाची माध्यान्हीची वेळ टळून चालणार नव्हती. बाई दियाला घेऊन बाहेर पडल्या. मी भिंतीवरून सुई अजून खाली ओढत होतो, पण बघायला घरात कुणी नव्हतं.

त्या दोघी परतल्या तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. दियाच्या कपाळाला खोक पडली होती. पिंड सोडायला बाई किनाऱ्याच्या भिंतीशी वाकल्या आणि लाट भिंतीवरून आत आली. डबा गेला. लाट परतताना दियाला समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे ओढून नेत होती. कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्याने तिच्या कोटाची टोपी धरली म्हणून ती वाचली. हे सगळं दिया बापाला सांगत होती.

मग बाई उठल्या आणि मला भिंतीवरून काढून शशिकांतांसमोर ठेवलं.

"त्या जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाका," त्या म्हणाल्या. "जन्मभर यांच्या शब्दावर चालले मी. आज यांच्याच शब्दावर पोर गेली असती."

मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही, पुरुषोत्तमरावांसाठी. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही.

शशिकांतनी मला उलटं करून माझ्या पाठीवरच्या लाल थेंबावर बोट ठेवलं.

"आई, बाबा चुकले नव्हते," ते म्हणाले. "पुणं उंचावर आहे. तिथे हवेचा दाब मुळातच कमी. बाबांनी तेवढी भर घालून स्क्रू लावला होता, पुण्यासाठी. इथे आपण समुद्राच्या लेव्हलला आहोत. इथे ती भर जास्तीची होते, म्हणून हा कायम कोरडंच दाखवतो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हात लावू नका म्हणालात. बाबांची आठवण आहे. मी कसा बोलणार?"

मित्रांनो, ज्याला मी वर्षभर मारेकरी समजत होतो, तो एकटाच माझं दुखणं ओळखून होता. मला लाज वाटली. बाईंनी दियाच्या कपाळावरची पट्टी सारखी केली, पण नजर माझ्यावर होती.

"हे इथे आले असते," त्या हळूच म्हणाल्या, "तर सामान सोडायच्या आधी हा स्क्रू फिरवला असता यांनी."

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि लाल थेंब खरवडला. थेंबाचा पापुद्रा त्यांनी तळहातावर घेतला. मग रडल्या, मोकळेपणी, शिल्पा म्हणते वर्षभरात पहिल्यांदाच. शशिकांतनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला, पण धरला बाईंनीच. डिजिटल यंत्राचा आकडा शशिकांत वाचत गेले आणि बाई स्क्रू फिरवत गेल्या. माझी सुई फेअर सोडून चेंज ओलांडून, रेन ओलांडून थेट स्टॉर्मीवर जाऊन थांबली. बाहेर खिडक्या धडधडत होत्या. किती दिवसांनी मी आणि हवा एकच बोलत होतो.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. गेलेल्या माणसाची वस्तू जपा, तिची धूळ पुसा, पण ती जशीच्या तशी राहावी म्हणून तिला मुकी करू नका. तिला तुमच्या गावची हवा कळू द्या. आणि घरातल्या कुणाला काही खरं ठाऊक असेल, तर त्याला ते बोलायची मोकळीक द्या.

आता रविवारी अंदाज संपला की बाई माझ्या काचेवर टकटक करतात आणि आम्हा दोघांचं जुळतंय का ते बघतात. टीव्हीवरच्या माणसावर माझा अजून पुरता विश्वास नाही. माझ्या पाठीतल्या स्क्रूवर नवा थेंब आहे. तो दियाच्या नेलपॉलिशचा आहे, गुलाबी, चमकीचा. टाकताना बाई तिला म्हणाल्या, "जाड नको लावूस. तू दुसरीकडे राहायला गेलीस, की तुला तो काढावा लागेल."