‘हे नाव आधीच घेतलेले आहे’

मित्रांनो, माझ्याकडे मुद्दाम कुणी बघत नाही, म्हणून आज मीच तोंड उघडते. मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे बरं का, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. धाराशिवच्या एका नर्सिंग प्रशिक्षण संस्थेचा ऑनलाइन अर्ज आहे, त्यात सगळ्यात वर ‘युजरनेम’ची चौकट असते. तिच्या खाली मी राहते. तुम्ही चौकटीत नाव टाइप केलं, की संस्थेच्या यादीत ते आधी कुणी घेतलंय का, हे मी जागच्या जागी सांगते. मोकळं असलं तर हिरवी होऊन म्हणते, ‘हे नाव उपलब्ध आहे.’ नसलं तर लाल होऊन म्हणते, ‘हे नाव आधीच घेतलेले आहे.’ कित्येक वर्षं या दोन वाक्यांवरच माझा संसार चालला होता.

माझा जन्म कसा झाला तेही सांगते. पूर्वी लोक चाळीस रकाने भरत, शेवटी ‘पाठवा’चं बटण दाबत, आणि मग कळायचं की वरचं नाव दुसऱ्या कुणाचं तरी आहे. भरलेलं सगळं पुसून जायचं. पुन्हा पहिल्यापासून! येरमाळ्याच्या बलभीमकाकांचं मुलीचा अर्ज भरताना असं तीनदा झालं. त्यांनी वैतागून संस्थेत फोन केला, “बाई, नाव चालत न्हाय तर आधीच सांगावं की! निम्मं जेवण झाल्यावर ताट का वढून घेता?” फोन उचलला होता दीपमालाने. ती तेर गावची, रोज बसने धाराशिवला येऊन संस्थेची वेबसाइट सांभाळणारी. काकांचं बोलणं तिला फार लागलं. डबा न उघडता ती बसली आणि संध्याकाळच्या बसच्या आधी तिने मला घडवलं.

लहानपणी मी भारी आगाऊ होते. कुणी एक अक्षर टाइप केलं की लगेच यादीकडे धावायची, दुसरं केलं की पुन्हा धावायची. नाव पुरं व्हायच्या आत माझा दहादा लाल-हिरवा तमाशा व्हायचा आणि यादी सांभाळणारं मशीन दमून बंद पडायचं. दीपमाला मला रागावली, “अगं, माणूस बोलतोय तोवर मधे तोंड घालू नये!” मग तिने मला थांबायला शिकवलं. टाइप करणाऱ्याचं बोट जरा विसावलं, की मगच विचारायचं. ती शिस्त मी आजवर मोडलेली नाही.

सुरुवातीला माझं कौतुकही खूप झालं. तक्रारीचे फोन थांबले, मोठ्या साहेबांनी सभेत माझं नाव काढलं, दीपमालाने सगळ्यांना चहा पाजला. मी अगदी हवेत होते. पण सवय झाली की कौतुक कुठलं राहतंय? हळूहळू लोक मला वाचेनासेच झाले. नुसता रंग बघायचे. लाल दिसलं की नावाला एक आकडा जोडायचे, हिरवं होईपर्यंत जोडत राहायचे, आणि पुढे जायचे.

त्यातूनच एक वाईट गोष्ट घडली. संस्थेचा नियम आहे की एकाच माणसाची दोनदा नोंदणी सापडली तर दोन्ही अर्ज बाद. तो नियम पाचव्या पानावर आहे, आणि पाचवं पान कोण उघडतंय! आधीची नोंदणी विसरून दोन मुलींनी नव्या नावाने नवी नोंदणी केली आणि दोघींचंही वर्ष गेलं. त्यांना हिरवी खूण दाखवणारी मीच होते. मी खोटं बोलले नव्हते, ते नाव खरंच मोकळं होतं. तरी मला फार वाईट वाटलं.

अशातच गेल्या जून महिन्यात हुमेरा आली. परंड्याच्या बसस्टँडजवळ शंभुलिंगचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथे शेवटच्या दिवशी, दुपारचे चार वाजून गेल्यावर, ती तिच्या अम्मीला घेऊन बसली होती. अर्ज पाच वाजता बंद होणार होता. बारावीनंतर दोनच वर्षं अर्ज करता येतो आणि तिचं हे दुसरं वर्ष. मी तिला पाहताक्षणी ओळखलं! मागच्या वर्षीही ती याच खुर्चीवर बसली होती. तेव्हा रहिवासी दाखला वेळेत आला नाही म्हणून अर्ज अर्धाच राहिला होता. तो अजून तसाच यादीत होता, तिच्या मार्कशीटसकट. पण तिला वाटलं होतं, वर्ष बदललं की सगळं नव्याने करायचं. शंभुलिंगलाही आठवत नव्हतं. तो दिवसाला साठ अर्ज भरतो, लोकांची नावं आपल्याच मनाने ठरवतो आणि कुठे लिहून म्हणून ठेवत नाही.

त्याने सवयीने टाइप केलं, हुमेरा डॉट परंडा. मी लाल झाले.

“घ्या! नाव गेलं कुणीतरी घेऊन,” शंभुलिंग म्हणाला.

हुमेराचा चेहरा पडला. “माझं नाव कुणी घेतलं, दादा?”

“कुणी का घेईना. पुढं एक टाकू.”

त्याने एक टाकला. मी यादीत पाहिलं. ते नाव मोकळं होतं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला हिरवं व्हायची भीती वाटली. मला ओरडून सांगायचं होतं, ‘पोरी, नको गं! ते आधीचं नाव तुझंच आहे. हे घेतलंस तर दोन्ही अर्ज जातील!’ पण मला दोनच वाक्यं येत होती आणि त्यांतलं हे कुठलंच नव्हतं. मी हिरवी झाले. शंभुलिंगने पासवर्डच्या रकान्याकडे हात नेला.

“थांब रं शंभू,” हुमेराची अम्मी म्हणाली.

तिचं नाव सकिनाबी. परंड्यात घरोघरी फिरून बांगड्या भरणारी. तिला वाचता येत नव्हतं, पण आधीचा लाल रंग तिने नीट पाहिला होता.

“ते लाल काय म्हणत व्हतं?”

“नाव दुसऱ्यानं घेतलंय म्हणत व्हतं, चाची.”

“दुसरी कोण? कुठली?”

“ते न्हाय सांगत ते. परंड्याचीच असंल, नावात परंडा हाय की.”

“परंड्याची?” सकिनाबी खुर्ची पुढे ओढून बसली. “आरं, परंड्यातल्या कुठल्या पोरीचा हात माझ्या हातात आला न्हाय? हुमेरा नावाच्या तीनच. एक लगीन होऊन कुर्डुवाडीला गेली, तिला धा वर्सं झाली. एक पाच वर्सांची हाय, बांगडी भरताना रडती. आन् तिसरी ही, तुझ्या म्होरं बसलीय. मग नाव घ्यायला चौथी आली कुठनं?”

“अम्मी, चार वीस झाले!” हुमेरा रडकुंडीला आली. “नाव कुठलंबी असू दे ना!”

“असं कसं असू दे? तुझ्या नावानं कोण बसलंय ते बघू तर दे आधी.”

शंभुलिंग हसणार होता, पण त्याचा हात मध्येच थांबला. “चाची,” तो हळूच म्हणाला, “नावाम्होरं गावाचं नाव लावायची खोड तर माझीच हाय. मागल्या साली तुमी इथंच आला व्हता का?”

“इथंच! ह्याच खुर्चीवर!”

त्याने ‘एक’ पुसला. मी पुन्हा लाल झाले, आणि लाल होताना एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. त्याने ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. मागच्या वर्षी त्याने नोंदणीत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला होता. टेबलावरचा त्याचा फोन वाजला, ओटीपी आला, आणि हुमेराचा अर्धा अर्ज फोटोसकट समोर उघडला.

“या अल्ला! ही तर मीच,” हुमेरा म्हणाली.

शंभुलिंगने कपाळावर हात मारून घेतला. “चाची, माझ्या हातनं आज पोरीचं वाटोळं झालं असतं.”

“वाटोळं मागनं. आधी दाखला चढव,” सकिनाबी म्हणाली.

पाचला बारा मिनिटं कमी असताना अर्ज गेला. पण सकिनाबी उठेना. तिने शंभुलिंगला संस्थेचा फोन लावायला लावला. पलीकडे दीपमाला होती. तिला सगळी हकीकत ऐकवून सकिनाबी म्हणाली, “बाई, तुमचं ते लाल नुसतं न्हाय म्हणून गप बसतंय. मी एखादीला बांगडी बसत न्हाय म्हणलं, तर कुठली बसंल तेबी सांगती. तुमी कोण बसलंय ते तरी सांगा की!”

दीपमालाने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, “दुसऱ्याचं नाव मला सांगता येत नाही, मावशी. पण ‘तुमचंच तर नाही ना?’ एवढं विचारता येईल.”

त्याच संध्याकाळी तिने मला तिसरं वाक्य शिकवलं. आता लाल झाले की मी म्हणते, ‘हे नाव आधीच घेतलेले आहे. पूर्वी तुम्हीच नोंदणी केली होती का? मग इथे दाबा.’ या वर्षी अकरा मुलींनी तिथे दाबलं. हुमेरा धाराशिवला शिकते आहे. ती मला विसरली असेल, असू दे.

आता पुढच्या वर्षी मोबाईल नंबरवरच नोंदणी होणार आहे म्हणे, तेव्हा माझी चौकट जाईल आणि मीही जाईन. जायच्या आधी तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. आपलं नाव दुसऱ्याच्या मनावर सोडू नका, आपल्या हाताने लिहून ठेवा. आणि लाल अक्षरं दिसली की घाईने पुढे आकडा जोडू नका. जरा थांबून विचारा, आपल्या आधी आपल्या नावाने कोण येऊन गेलंय? त्या अकरा मुलींना वाटलं होतं, दुसरंच कुणीतरी. निघाल्या त्या स्वतःच.