हिरव्या पाण्याची डोणी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे आणि मला काचेच्या पेटीचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते.

पाथरवटाने मला घडवले ते बैलांना पाणी पाजण्यासाठी. शिरपूरच्या शिखरचंद शेठजींच्या अंगणातले बैल गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी अंगुरीबाईंनी माझ्यात लाल मासे सोडले. माझ्या कडांना शेवाळ धरले. माशांच्या घाणीतले क्षार ते शोषून घेई आणि उन्हात प्राणवायू सोडी. थोडे जुने पाणी काढायचे, तेवढेच विहिरीचे घालायचे, एवढीच माझी सेवा. येणारे-जाणारे म्हणत, "बाई, मासोया गुटगुटीत हायेत तुमच्या."

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली शेठजींनी अकोल्याहून काचेची पेटी आणली. मासे तिच्यात गेले. तिच्याखाली विणलेला रुमाल आला. माझ्या कडेवर भांडी घासायची राख.

त्या जैन घरात पाणी गाळून, उकळून पीत. अंगुरीबाई म्हणाल्या, "आपन पेतो तेच त्यायले." पेटी धुऊन लख्ख केली आणि उकळून निववलेल्या पाण्याने भरली. थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडे उघडू लागले.

"भुकेजले वाटते," म्हणत बाईंनी कणकेच्या गोळ्या टाकल्या. उरलेली कणीक कुजली, पाणी दुधाळ झाले. पुन्हा पेटी धुतली, पुन्हा उकळलेले पाणी भरले.

एका सकाळी एक मासा उलटा तरंगत होता आणि बाकीचे कुशीवर पडले होते. बाई ताटावरून उठल्या. "जीव जगवाले पानी उकयलं, अन् जीवच गेला. हे पाप आता माह्याच माथी."

त्यांच्या नणंदबाई, पानाबाई, दारात उभ्या होत्या. "वहिनी, मासोयायनं काय दीक्षा घेतली का, उकयलेलं पानी प्याले?"

बाई हसल्या नाहीत. पाणी गाळायच्या फडक्यातच त्यांनी उरलेले मासे उचलले आणि धावत माझ्याकडे आणले.

"त्या शेवायात?" शेठजींनी विचारले.

"शेवायातच वाढले ना ते?"

पाणी उकळले की त्यात विरघळलेली हवा निघून जाते. मासे वर येत होते ते हवेसाठी, बाईंना वाटली भूक. माझ्या पाण्यात दुपारपर्यंत त्यांचे कल्ले संथ हलू लागले. आता ते माझेच, असे मला वाटले.

पण शेठजींनी माझ्यातच बादली बुडवली. माझ्या पाण्याने पेटी भरली, थोडे शेवाळही नेले आणि मासे परत तिच्यात सोडले. बाई आता चिमूटभरच कणीक टाकतात. पाहुणे म्हणतात, "शेटजी, पेटी काय झकास हाये." पाणी कोणाचे, ते कोणी विचारत नाही.

मित्रांनो, मासे पाळाल तर सगळे पाणी एकदम बदलू नका आणि मायेने मूठभर दाणा टाकू नका. आणि पेटीची स्तुती करून झाली, की जाताना अंगणातही एकदा डोकावा.