इच्छापूर्तीची कडी

वेशीतून आत शिरलं की दगडी गल्ली चढत जाते. डाव्या हाताला तटबंदी, तिच्यापलीकडे समुद्र. उजव्या हाताला एकमेकांना खेटून उभी असलेली जुनी घरं. त्यांतलं निळ्या दाराचं घर माझ्या मावशीचं. दारावर पितळी सिंह आणि त्याच्या तोंडात जाडजूड कडी.

काकांना इस्पितळातून घरी आणल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले, तर दारापुढे रांग.

"ओ ताई, मागे या," एक टोपीवाला म्हणाला. "आम्ही केव्हाचे उभे आहोत."

"मी या घरी पाहुणी आलेय."

"मग आम्ही काय घरजावई आहोत? आम्हीही पाहुणेच."

पायरीवर उभा राहून गाईड छत्री नाचवत सांगत होता, "सातशे वर्षांपूर्वी एका खलाशाच्या बायकोनं ही कडी तीनदा वाजवली आणि बुडालेला नवरा तिसऱ्या ठोक्याला दारात हजर! तेव्हापासून इथं मागितलेलं मिळतं. चला, एकेक करून."

मी मागच्या दाराने आत गेले.

हृदयाच्या ऑपरेशननंतर जिना चढायला मनाई, म्हणून काकांची खाट बाहेरच्या खोलीत, दाराला लागूनच मांडली होती. दाराच्या आतल्या बाजूला मावशीने गोधडी ठोकली होती. तिचा उपयोग शून्य. प्रत्येक ठोक्याला काकांचा हात छातीवर जायचा. डॉक्टरांनी झोप हेच औषध सांगितलं होतं आणि नेमकं तेवढंच घरात नव्हतं.

"कडी काढून का टाकत नाहीस?" मी विचारलं.

"काढली होती की. दुसऱ्या दिवशी वारसा कार्यालयाचा माणूस आला आणि परत बसवून गेला. ऐतिहासिक वस्तूला हात लावायचा नाही म्हणे! घर आमचं, दार आमचं, दुखणं आमचं. कडी तेवढी इतिहासाची."

"पण ती खरंच इतकी जुनी आहे?"

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आता का तोंड लपवताय? सांगा भाचीला," मावशी म्हणाली.

"स्टँडसमोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली," काका पुटपुटले. "मी रिटायर झालो त्या वर्षी. जुनी खाऱ्या हवेनं गंजली होती."

"आणि खलाशाची बायको?"

"ती... मीच. गाईड नवा होता तेव्हा. आपल्या गल्लीत सांगण्यासारखं काहीच नाही म्हणून बिचारा तोंड पाडून पायरीवर बसला होता. म्हटलं, देऊ एक गोष्ट. मला काय माहीत, तो ती पाठ करेल!"

"जन्मभर थापा मारल्यात," मावशी म्हणाली. "एक खरी मानली गेली, ती आपल्याच छातीवर बसली."

पुन्हा ठोके पडले. या वेळी सावकाश, मन लावून. काकांचे ओठ पांढरे पडले. मावशीने ताडकन दार उघडलं. समोर एक तरुण मुलगी डोळे मिटून उभी होती.

"काय मागितलंस गं?" मावशी कडाडली.

मुलगी दचकली. "बाबांचं उद्या ऑपरेशन आहे. बरे होऊ देत, म्हटलं."

मावशीने हलकेच दार लोटलं.

"हिच्यावर काय रागवायचं?" ती म्हणाली. "ज्यांच्यावर रागवायचं ते वेशीपाशी कार्यालयात पंख्याखाली बसलेत." तिने शिवणयंत्राच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि रांगेसमोरच सिंह उतरवला. आम्ही वेशीकडे निघालो. गाईड ओरडत मागे आला; त्याच्यामागे रांगही.

वारसा कार्यालयाच्या लाकडी दारावर पाटी होती : शांतता राखा.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दुकानाचं ऐकून ते हसलेसुद्धा. "मावशी, ती आता पोस्टरवर आहे, नकाशावर आहे. लोक तिच्यासाठी येतात. ती जुनी आहे की नवी, हा मुद्दाच राहिलेला नाही."

"आणि आत माणूस आजारी आहे, हाही मुद्दा नाही?"

"त्यांना मागच्या खोलीत झोपवा ना."

"मागे स्वयंपाकघर आहे. चुलीवर झोपवू?"

"मला तुमच्या भावना समजतात. पण कडी आज संध्याकाळच्या आत परत लागली पाहिजे."

"लावते की," मावशी म्हणाली. "आत्ताच लावते."

तिने सिंह साहेबांच्याच दारावर, पाटीच्या बरोबर खाली धरला आणि स्क्रू पिळायला लागली. मी खालून आधार दिला. साहेब उठेपर्यंत शेवटचा स्क्रू बसला होता.

"अहो, हे काय? ती कडी त्या दाराची आहे!"

"जुनी की नवी हा मुद्दा नाही, तर दार कुठलं हा कसा असेल?" मग ती गाईडकडे वळली. "गोष्ट तीच सांग. फक्त तिसऱ्या ठोक्याला नवरा नाही, साहेब हजर होतील."

टोपीवाला पुढे सरकला आणि बिचकत त्याने कडीला हात लावला.

"लाजू नका, जोरात वाजवा," मावशी म्हणाली. "इथं आत कुणी आजारी नाही."