जुन्या मालकाचा नंबर

क्लबच्या पोहण्याच्या तलावावर सगळे तिला ‘शिट्टी’ म्हणायचे. खोल पाण्यात कुणी मस्ती केली, की ती अशी कानठळ्या बसवणारी शिट्टी फुंकायची की भलेभले मुकाट काठाला यायचे. एका रविवारी मालकाचे मेहुणे दारू पिऊन पाण्यात उतरले. शिट्टीला त्यांनी दाद दिली नाही, तेव्हा तिने उडी मारली आणि दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. मालकाचं पित्त खवळलं. “सगळ्यांसमोर माफी माग,” तो म्हणाला. ती म्हणाली, “मागणार नाही,” आणि नोकरीवर पाणी सोडून घरी आली.

आता एका शाळेला नव्या तलावासाठी जीवरक्षक हवी होती. तिने अर्ज केला, तर शाळेने आधीच्या मालकाचा नंबर मागितला.

“माझाच दे,” दादा म्हणाला. “मीच बनतो मालक. आवाज भारदस्त करतो.”

वहिनी फिस्सकन हसली. “तुमचा आवाज? फोनवर लोक तुम्हाला ताई म्हणतात!”

तीही हसली, पण तिला ते पटेना. खोटं बोलून नोकरी मिळवली, तर दुसऱ्यांवर शिट्टी कुठल्या तोंडाने वाजवायची? तिने खराच नंबर दिला.

मुख्याध्यापिकाबाईंनी तिला समोर बसवूनच फोन लावला, तोही स्पीकरवर.

“ती?” मालक कडाडला. “चुकूनही घेऊ नका, मॅडम! महाहट्टी बाई. मानपान काही बघत नाही. माझ्या मेहुण्यांना ओल्या चड्डीवर पाहुण्यांदेखत बाहेर ओढलं!”

“का पण?”

“थोडी घेतली होती त्यांनी. रविवारी चालायचंच! माफी माग म्हटलं, तर मलाच विचारते, बुडाले असते तर कुणी कुणाची माफी मागायची?”

ती खुर्चीत अंग चोरून बसली. गेली ही नोकरी, तिला वाटलं.

“कामात कशी होती?”

मालकाचा आवाज जरा खाली आला. “खोटं कशाला बोलू? ती असताना कधी कुणाच्या नाकातोंडात पाणी गेलं नाही. पण हट्टी आहे, सांगून ठेवतो!”

फोन ठेवून बाई चष्मा काढून मनसोक्त हसल्या. “आमच्याकडे प्रत्येक आईबापाला वाटतं, नियम आहेत ते दुसऱ्याच्या पोराला. मला हट्टीच बाई हवी होती. सोमवारपासून या.”

आता रडू फुटणार असं तिला वाटलं, पण तोंडून निघालं भलतंच. “एक अट आहे. पाण्यापाशी माझा शब्द शेवटचा. तुम्ही आलात तरी.”

बाईंनी भुवया उंचावल्या. मग हात पुढे केला. “मला पोहताच येत नाही हो. पहिली विद्यार्थिनी मीच.”

फाटकाबाहेर येईपर्यंत ती अगदी शहाण्यासारखी चालली. कोपरा वळल्यावर तिने घरी फोन लावला आणि “मिळाली!” म्हणून अशी ओरडली, की येणारेजाणारे थबकले. वहिनीने दादाच्या हातातून फोन हिसकावला. दोघींच्या बोलण्यात बस कधी निघून गेली, तिला कळलंही नाही. ती तशीच चालत निघाली, मान ताठ, हात झुलवत, रस्त्याच्या कडेने एकटीच हसत.